त्याने बसवलेलं दार

ईशान, तन्वी,

रविवारी फोनवर ईशानने विचारलं, "आजी, शेवंतीआजी दिगूकाकाला खरंच कोंडून ठेवायची का?" मी म्हटलं, लिहून कळवते. फोनवर चित्र मध्येच अडकतं आणि मला अर्धवट उत्तरं द्यायला आवडत नाही. ती मालिका आता तुमच्याकडेही दिसू लागली आहे, हे मला ठाऊक नव्हतं. तेव्हा ती लिहिणाऱ्या माणसाबद्दल आधी सांगते. तो आपल्याच मागच्या खोलीत भाड्याने राहत होता. त्याचं नाव मी इथे घालणार नाही. नाव त्याला हवंच असतं, आणि ते दर भागाच्या शेवटी पडद्यावर येतंच.

"आई कशी होती?" हा त्याचा प्रश्न. कोणाचं काहीही बिघडलं की हनुवटीला अंगठा लावून, डोळे बारीक करून तो हेच विचारी. दूधवाला पाणी घालतो असं मी म्हटलं, तर "त्याची आई कशी होती?" समोरच्यांचा कुत्रा दुपारभर भुंकत राहिला, तर म्हणाला, "बाई, याच्या लहानपणी काहीतरी झालंय." त्या कुत्र्याची आई मी पाहिली होती. तीही भुंकायची.

माझ्या शाळेतल्या नोकरीमुळे निर्मळमध्ये सगळे मला बाई म्हणतात, तोही म्हणू लागला. वय चाळिशीच्या आत, अंगात सुरकुतलेला सदरा, पायात महागाच्या चपला. लिहायला शांतता हवी म्हणून इथे आला आणि दिवसभर बोलत राहिला. तो ज्या मालिकेसाठी लिहायचा तिच्यातला अधिकारी ठसे, रक्त, साक्षीदार असल्या किरकोळ गोष्टींत वेळ घालवत नसे. तो खुनाच्या जागी उभा राहून डोळे मिटे आणि खुन्याच्या मनात शिरे. याला प्रोफायलर म्हणतात. मी मनकवडा म्हणे. त्याला ते आवडत नसे.

"रचना पक्की असते, बाई," तो ओट्यावर बसून मला शिकवी. नाव दिसायच्या आधी एक खून. मग मनकवडा येतो. तो कमी जेवतो, झोपत नाही आणि त्याच्या खिशात कोणाचा तरी जुना फोटो असतो. पोलीस रांगेत उभे राहतात आणि तो त्यांना सांगतो, की खुनी एकटा राहतो, टापटीप आहे, डावखुरा आहे आणि त्याला पाण्याची भीती वाटते. पोलीस मान डोलावतात. एकही हवालदार कधी विचारत नाही, "साहेब, हे तुम्हाला कोणी सांगितलं?" अर्ध्यावर चुकीचा माणूस पकडायचा. आणि संपत आलं की खुन्याचं बालपण. अंधार, रडणं, दाराखालची उजेडाची रेघ.

"आणि दाराबाहेर आई," मी म्हटलं.

"बहुतेक वेळा," तो म्हणाला. "बापालाही घेतो कधीकधी. पण आई जास्त चालते."

त्याच्या खोलीच्या भिंतीवर फोटो आणि चिठ्ठ्या खिळ्यांनी ठोकलेल्या होत्या आणि एकीतून दुसरीकडे लाल दोरा ओढलेला होता. दोरा माझ्या देवघरातला. विचारून नेला होता, हे खरं. पण पूजेला लागेल एवढाही परत आला नाही.

प्रत्येक भागाच्या शेवटी एक गंभीर इंग्रजी वचन यायचं. ते तपासायला तो माझ्याकडे आणी. मी व्याकरण सुधारून विचारलं, "हे म्हणालं कोण?"

"मीच. पण खाली एखाद्या जर्मनाचं नाव घालतो. वजन येतं."

त्याच्याबद्दल चांगलं एवढंच सांगता येईल, की त्याला ऐकता येत असे. तेही सांगते, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं.

शेवंतीआजी तुम्हाला आठवते. सकाळी पूजेची फुलं घेऊन यायची आणि तुमच्या हातात घरी वाळवलेल्या केळ्यांची सुकेळी ठेवायची. तुम्ही काही सांगायला लागलात की तोंडापुढे हात धरून म्हणायची, "आधी खा, मग बोल." तिचं माहेर गासचं. पाण्याला पानी म्हणायची, आणि तन्वी तिची नक्कल करायची. तिचा मुलगा दिगू. त्याने काय केलं ते तुम्हाला तेव्हा सांगितलं नव्हतं, आता सांगते. वाडीतल्या विहिरीवर पाण्याच्या पाळीवरून चुलतभावाशी भांडण झालं आणि दिगूच्या हातात कोयता होता. भाऊ जागीच गेला. दिगू पळाला नाही. कोयता बाजूला ठेवून विहिरीच्या काठावर बसून राहिला. त्याला शोधायला कोणी मनकवडा लागला नाही. जीप आली, तो उठून आत बसला. पुढे शिक्षा झाली, आणि तो तुरुंगात आहे.

त्यानंतर गावाने शेवंतीशी बोलणं कमी केलं. वाईटपणाने नाही, काय बोलावं कळेना म्हणून. मीही हवापाण्याचं बोलत असे. हा माणूस मात्र तिच्यासमोर खाली बसला आणि म्हणाला, "मावशी, दिगू लहानपणी कसा होता ते सांगा ना." कोणी तिला हे विचारलंच नव्हतं. ती सांगू लागली. रोज फुलं ठेवून झाली की ती ओट्याच्या पायरीवर बसे आणि दिगू बोलायला उशिरा शिकला, कोंबड्यांना नावं द्यायचा, शाळेतून पळून कळंबच्या समुद्रावर जायचा, असं एकेक काढी. तो मध्ये तोंड घालत नसे. तिची सुकेळी खात असे. तिचा चेहरा त्या दिवसांत उजळला होता, हे मी पाहिलं आहे.

एकदा तिने त्याला आपली खोली दाखवली. घरामागची केळी पिकत घालायची खोली. तुम्ही त्यात लपाछपी खेळला आहात. दिगूही लहान असताना एकदा तशीच खेळत होता. घडांमागे उबेला जाऊन झोपला आणि कोणाला सापडेना. सगळी वाडी पालथी घातली, विहिरीत गळ टाकला. शेवटी शेवंतीने पोत्याचा पडदा सारला, तर हा सुक्या पानांवर झोपलेला. तिने त्याला हलवून उठवलं. तो रडत काहीतरी सांगायला लागला, तर त्याच्या पुढ्यात ताट ठेवून म्हणाली, "आधी खा, मग बोल."

ही गोष्ट ऐकून आपला भाडेकरू म्हणाला, "सुंदर." मीही सोबत होते. खोलीच्या तोंडाशी उभं राहून त्याने डोळे मिटले होते.

काही महिन्यांनी तो सांगत आला, "मावशी, आज संध्याकाळी बाईंकडे या. भाग आहे. तुमचं आहे त्यात."

शेवंती आली. इस्त्रीचं लुगडं नेसून, केसांत अबोली माळून आली. खुर्चीवर बस म्हटलं तर बसली नाही, टीव्हीसमोर जमिनीवरच बसली. तो माझ्या आरामखुर्चीत.

सुरुवातीला खून झाला. मनकवड्याने डोळे मिटले. चुकीचा माणूस पकडला गेला. शेवंतीला त्यातलं फार कळत नव्हतं, पण केळीच्या बागा आल्या तेव्हा ती हसली. मग खुन्याचं बालपण सुरू झालं. केळी पिकत घालायची खोली, जाड लाकडी दार, बाहेरून लोखंडी कडी. आत एक पोर हात आपटत होतं. बाहेर नाकात चमकी घातलेली, केसांत अबोली माळलेली बाई. तिने दाराखालून ताटली आत सरकवली आणि म्हणाली, "आधी खा, मग बोल." 'पानी'सुद्धा त्याने सोडलं नव्हतं. पोराने ते मागितलं आणि तिने दिलं नाही.

शेवंती पडद्याकडे बघत राहिली. जाहिराती लागल्यावर ती त्याच्याकडे वळली.

"दार कुठून आनलंस रे?"

"मावशी, ती तुम्ही नाही. ती गोष्टीतली बाई."

"ते झालं. पन दार कुठून आनलंस?"

तो थोडा हसला. "दाराशिवाय प्रसंग उभा राहत नाही, मावशी. पडद्याने कोण अडतं? बघणाऱ्याला कारण लागतं. माणूस कोयता का उचलतो, याला काहीतरी कारण पाहिजे."

"मला कारन सापडलं असतं तर मीच नसतं का सांगितलं?" शेवंती म्हणाली. "मी रोज तेच शोधते."

ती उठून गेली. सुकेळीची पुडी तिथेच राहिली. त्याने जाहिराती संपेपर्यंत त्यातलं एक खाल्लं.

भागाच्या आधी पडद्यावर लिहून आलं होतं, 'सत्यघटनेवर आधारित'. ते सगळ्या पंचक्रोशीने वाचलं.

शेवंतीची मुलगी मंदा विरारला दिलेली. तिची चिऊ दर मे महिन्यात आजीकडे राहायला यायची. शेवंतीच्या वर्षात सण म्हणावा असा तेवढाच उरला होता. त्या मेमध्ये मंदाच्या सासूचा फोन आला. "यंदा नको. इथेच उन्हाळी वर्ग लावलाय." शेवंतीने मला एवढंच सांगितलं आणि फुलं ठेवून उभी राहिली. "बाई, त्यांना वाटतं मी चिऊला कोंडीन."

मी मागच्या खोलीत गेले. त्याला म्हटलं, "उद्या विरारला जायचं. मंदाच्या घरी. सासूसमोर एकच वाक्य बोलायचं, दार मी घातलं. बाकी काही नको."

"बाई, लोक इतके मूर्ख नसतात. त्यांना कळतं हे काल्पनिक आहे."

"मग वर सत्यघटना का लिहिता?"

तो म्हणाला, "जातो."

गेला. दुपारी परत आला तो हातात पेढ्यांचा पुडा घेऊन. मी ओट्यावर वाट पाहत होते.

"बोललात?"

"फार छान माणसं, बाई. सगळी बिल्डिंग गोळा झाली. फोटो काढले. त्यांना सगळे भाग पाठ आहेत."

"दाराचं बोललात का?"

"सासूबाईंनीच विचारलं, ते सगळं खरं असतं का हो. सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, आम्ही अभ्यास करूनच लिहितो." त्याने पुडा पुढे केला. "आता त्यांच्या तोंडावर कसं सांगणार, की मी बनवलं?"

शेवंतीच्या तोंडावर सांगता आलं होतं. पेढे मी घेतले नाहीत.

त्याच्या आईचा फोन रोज दिवेलागणीला यायचा. ती सांगलीकडची. भिंत पातळ आहे, मला सगळं ऐकू येई. "हो आई. जेवलो. नाही, बाहेरचं नाही खाल्लं. हो, स्वेटर आहे." दिवसभर खुनाच्या गोष्टी करणारा माणूस त्या वेळी आठ वर्षांचा होई. पेढ्यांच्या संध्याकाळी फोन झाल्यावर मी दारात उभी राहिले आणि त्याचाच प्रश्न त्याला विचारला. "तुमची आई कशी होती?"

तो दचकला. हनुवटीला अंगठा लावायचं विसरला. "साधी हो," म्हणाला. "तापात उशाशी बसायची. मला गाडी लागते म्हणून खिशात आवळासुपारी ठेवायची. तिच्यात काही नाही, बाई. तिच्यावर भाग नाही होणार."

त्या एका क्षणी तो मला बरा वाटला. म्हणून म्हटलं, "शेवंतीवरही होत नव्हता."

त्याने मान खाली घातली. उद्या पुन्हा विरारला जातो असं म्हणाला. तो उद्या काही आला नाही. मालिकेचं पुढचं पर्व मंजूर झालं, त्याला मुंबईत मोठी जागा मिळाली आणि एका सकाळी टेम्पो येऊन उभा राहिला. शेवंतीला भेटायला गेला नाही. मला वाकून नमस्कार केला. मी आशीर्वाद दिला, तोंडाला सवय असते म्हणून. खोलीत खिळे तसेच राहिले होते आणि त्यांच्यावर माझा लाल दोरा. मी तो काढून केरात टाकला.

आता त्याच्या मालिकेतल्या मनकवड्यालाही बालपण दिलं आहे म्हणे. त्यालाही कोणीतरी कोंडत असे. मी बघत नाही.

यंदाच्या मेमध्ये मंदा चिऊला घेऊन आली. राहायला नाही, दुपारच्या जेवणापुरती. चिऊ आता उंच झाली आहे. शेवंतीने तिच्या आवडीचं सगळं केलं होतं आणि मलाही जेवायला बोलावलं होतं. पोरगी ताटावर बसेना. आधी घरामागे गेली. शेवंती आणि मी मागोमाग गेलो. खोलीच्या तोंडाशी उभी राहून ती पोत्याच्या पडद्याकडे बघत होती. मग आजीला म्हणाली, "दार कधी काढलं?"

शेवंतीने चिऊचा हात धरून तो भिंतीच्या कडेवरून वरपासून खालपर्यंत फिरवला. एक बाजू, मग दुसरी. चिऊ जेवली आणि चारच्या बसने आईबरोबर गेली.

तर ईशान, तुझ्या प्रश्नाचं उत्तर नाही असं आहे. दिगूने कोयता का उचलला ते मला माहीत नाही, शेवंतीला माहीत नाही आणि त्या माणसालाही माहीत नव्हतं. तुम्ही डिसेंबरात याल तेव्हा दोघांनी घरामागे जाऊन यायचं. चौकट नाही. बिजागरीची भोकं नाहीत, बुजवल्याच्या खुणाही नाहीत. सुकी पानं अंथरलेली आहेत आणि घड अजून तिथेच पिकत घालतात. खोली आहे तशी आहे. तिला दार कधीच नव्हतं.