मीनावहिनीचा मुराळी

महिला मंडळ म्हटलं की लोकांना पापड-लोणची आठवतात. आमच्या मंडळात त्याहून जास्त किस्से साठतात, आणि का कोण जाणे, त्यातले निम्मे मीनावहिनीचे! तिच्या नवऱ्याचं आसामात सोनं-चांदी गाळायचं दुकान. विट्याकडच्या आमच्या गावातली बरीच माणसं अशीच देशभर पांगलीत. हा गडी तिकडून बायको घेऊन आला, तिला सासूजवळ ठेवून परत दुकानावर गेला. वहिनीनं भराभर मराठी उचललं, आणि लेक चालायला लागेस्तोवर मंडळाची उपाध्यक्षही झाली.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही, हे आधीच सांगून ठेवते.

*

उन्हाळ्यात टँकरवाला आमची आळी सोडून पुढं जायचा. आमच्या अध्यक्ष अक्कांनी समजावलं, मी भांडले, तो ढिम्म. मग वहिनी पुढं झाली आणि तिच्या माहेरच्या भाषेत काहीतरी पुटपुटली. गड्याचा चेहराच उतरला. दुसऱ्या दिवसापासून टँकर आधी आमच्याकडं.

"काय बोललीस गं?"

"काय न्हाई. म्हातारी माणसं हायेत, दमानं घ्या म्हटलं."

टँकरवाला मात्र गावभर सांगत सुटला, "बाईनं माझ्या मेलेल्या बापाचा निरोप दिला. बाच्याच आवाजात."

*

मंडळाची ट्रिप महाबळेश्वरला गेली. पॉइंटवर इतकं धुकं की दरीसुद्धा दिसेना. ग्रुप फोटो वहिनीनं काढला, अक्कांच्या मोबाईलवर. परतताना गाडीत बघितला, तर मागच्या रांगेत वहिनी उभी.

अक्कांनी मोबाईल पर्समध्ये टाकला. "सेल्फी आसंल," म्हणाल्या.

*

एकदा बैठक अक्कांच्या घरी होती. वहिनी लेकीला मांडीवर घेऊन तिच्या भाषेतली अंगाई गुणगुणत होती. कोपऱ्यात अक्कांची सासू, ठार बहिरी, कानाशी ताट वाजवलं तरी मान न वळवणारी. ती एकदम म्हणाली, "मधलं कडवं गाळलं हिनं."

आम्ही हसलो. वहिनी हसली नाही.

"माझी आईबी गाळायची ते," ती म्हणाली. "गायलं की कुणीतरी येतं म्हणायची."

*

नागपंचमीला आमच्याकडं सासुरवाशिणीला न्यायला माहेरहून मुराळी येतो, बहुतेक भाऊच. वहिनीला कोण येणार? तिचा एकुलता भाऊ लग्नाआधीच पुरात वाहून गेलेला. म्हणून दर पंचमीला आम्हीच तिला न्यायला जायचो. अक्कांच्या घरी तिचं माहेर. नव्या बांगड्या, पुरणाची दिंडं, झोका.

मागच्या वर्षी आम्ही पोचलो, तर तिची सासू म्हणाली, "ती मघाच गेली की. भाऊ आलता तिचा."

धावतच अक्कांच्या घरी आलो. वहिनी ओट्यावर बसली होती. "दादा दारापातूर सोडून गेला," म्हणाली. इतक्या आनंदात मी तिला कधी पाहिलं नव्हतं. मला बरं वाटलं, आणि भीतीही वाटली.

यंदा पंचमीआधी तिनंच सांगितलं, "अक्का, तुमी येऊ नका. दादा मला घरी न्यायला येणार हाय. पोरीलाबी आण म्हणालाय."

"आगं, तुझं घर तर नदीनं नेलं म्हणालीस."

"तिकडंच," वहिनी म्हणाली.

तिच्या नवऱ्याला फोन लावला. त्याला निघून पोचायला दिवस लागणार होते. मग आम्ही कुणीच माहेरी गेलो नाही. पंचमीला सकाळीच तिच्या दारात सतरंजी टाकून बसलो. अक्का थेट उंबऱ्यात. घराला दुसरं दार नाही. आत वहिनी पिशवी भरत होती, पोरगी नवा फ्रॉक घालून तयार. ती पोर जाता कामा नये, एवढंच आमचं ठरलेलं. गाणी म्हणून म्हणून घसे बसले. गल्लीत चिटपाखरू फिरकलं नाही. दुपार कलली तशी आमच्यातल्या दोघी चहाचं बोलायला लागल्या.

तेवढ्यात आतून पोरीनं अक्कांच्या खांद्यावर हात ठेवला.

"आज्जी, जरा सरका की. मामाला बाहीर यायचंय."