खांद्यातला कापूस

नवा काळा कोट अंगात घालूनच मी तो शिवणाऱ्या आमच्या बाबूअण्णा शिंप्यांना त्यांच्या दुकानासमोरच्या चित्रप्रदर्शनात घेऊन गेलो. पहिल्याच चित्राची मला किळस आली. एका बाईचा खांदा वितळून कमरेपर्यंत ओघळला होता, मानेच्या जागी गुडघा होता आणि दंडाचं कातडं दुधावरच्या सायीसारखं सुरकुतून लोंबत होतं. ओठ तळहातावर, तेही ओले. शेजारी एक गृहस्थ ‘वा, वा’ करत होते. मला त्या ‘वा, वा’चीही किळस आली. माणसाचं शरीर इतकं नासवायचं आणि वर त्याला सोनेरी चौकट घालायची!

“असा माणूस कुठे असतो का?” मी म्हणालो.

“असतो की, वकीलसाहेब,” अण्णा म्हणाले. “इतकी वर्षं मापं घेतोय, सरळ माणूस अजून दुकानात आलेला नाही. कुणाला पोक, कुणाचा एक हात आखूड. आपण बोलायचं नसतं. वहीत मापापुढे फुली मारायची आणि कापडात सांभाळून घ्यायचं. यानं ते चारचौघांत टांगलंय. शी!”

“माझ्या मापापुढे नाही ना फुली?” मी हसत विचारलं.

“चला, चहा घेऊ,” अण्णा म्हणाले.

घरी आल्यावर मी कोटाचे दोन्ही खांदे चाचपून पाहिले. डाव्या खांद्यात कापसाचा थर दुप्पट होता. आरशाकडे पाठ करूनच मी कोट काढला.