नळीवाला डॉक्टर

त्याचं नाव मला कुणी सांगितलं न्हाई, आन् मीबी कुणाच्या नावामागं लागणारा माणूस नव्हे. निजामाचं राज होतं. परभणीला आमच्या सरकी काढायच्या जिनात कापसाची धूळ कामगारांच्या छातीत किती जाते, हे बघायला तो हैदराबादेहून आला होता. अंगानं बारका. छातीला लावायची नळी आधी तळहातावर घासून ऊन करायचा, मगच लावायचा.

मुकादमानं सकाळीच बजावलं होतं, "जो खोकला, तो घरी गेला." धुळीनं घसा खवखवला की आमी गूळ खायचो. त्या दिवशी सगळ्यांनी आधीच तोंडात गुळाचा खडा धरला. चार-पाच जणांची छाती ऐकून डॉक्टर म्हणाला, "सब अच्छे? फिर इत्ती धूल कौन खाया?"

मग माझ्या बायकोची बारी आली. तिचा खोकला लय जुना, आन् दोघांच्या मजुरीशिवाय आमची चूल पेटत नव्हती. तिनं दम असा धरला की गळ्याच्या शिरा ताठल्या.

"अम्मा, सांस छोडो," तो हळूच म्हणाला.

तिनं श्वास सोडला आन् खोकला फुटला. लगेच डॉक्टर तिच्यापेक्षा मोठ्यानं खोकला.

"कोण खोकलं रे?" मुकादम दारातून ओरडला.

"मैं. मेरे कू निकालते क्या?"

सगळे हसले, मुकादमबी हसला. माझा जीव भांड्यात पडला. डॉक्टर मात्र हसला न्हाई. त्यानं नळी तिच्या पाठीला लावली आन् डोळे मिटून ऐकतच राहिला. काय ऐकू येतंय, हे विचारायचा धीर माझ्यासारख्या हट्ट्यालाबी झाला न्हाई.