माझ्या तोंडाकडे बघून

सकाळी हे कानात मशीन बसवतात, तेव्हा ते बारीक शिट्टी मारतं. ती ऐकली की मला चिंचवडचं ते सभागृह आठवतं.

आम्हा दोघांच्या लाडक्या लेखिका स्वतःची कथा वाचणार होत्या. दिवसभर पत्र्यावर ठोके पाडणाऱ्या चाकणच्या प्रेस शॉपमधून हे शिफ्ट सुटल्यावर थेट आले होते. अंगाला तेलाचा वास येत होता. बाई माइक लांब ठेवून अगदी हळू वाचत होत्या. कथेतली आई जाते ते पान आलं. माझे डोळे भरले, आणि ओशाळून मी ह्यांच्याकडे बघून हसले.

तर हे मोठ्यानं हसले.

सगळं सभागृह वळून बघायला लागलं. म्हणजे इतका वेळ ह्यांना काही ऐकूच येत नव्हतं, माझं तोंड बघून हे तसंच करत होते. घरी हाका मारल्या तरी ओ देत नव्हते, तो थकवा नव्हताच.

परतताना मागून ट्रक हॉर्नवर हॉर्न देत होता आणि आमची गाडी रस्त्याच्या मधोमध. मी ओरडले. शेवटी ह्यांचा खांदा गच्च दाबला. ट्रक अगदी खेटून गेला.

दारात गाडी लावताना हे म्हणाले, "बाई काय सुंदर वाचतात, नाही?"

मी नुसती मान हलवली.