नर्सचा फोन

अमेरिकेत, मिनेसोटातल्या आमच्या गावात कुणी रडगाणं गात नाही. शेजारचे व्हर्लिनकाका शिडीवरून पडले, मेंदूला मार लागला. उपचारांचा खर्च पुढे द्यायचा का, हे ठरवायला विमा कंपनीच्या नर्सचा फोन आला.

"कसे आहात?"

"झकास! तक्रार काही नाही."

"अहो, ही काय चर्चमधली कॉफी आहे, सगळ्यांना 'छान चाललंय' म्हणायला?" म्हणत आर्डिसकाकूंनी फोन हिसकावला. काकांसमोरच त्यांनी सगळं सांगितलं: बूट फ्रिजमध्ये ठेवतात, घरातच वाट चुकतात, नातीला ओळखत नाहीत. काका टेबलाकडे बघत राहिले.

खर्च मंजूर झाला.

"त्या बाईला एवढं सांगायची गरज होती?" काकांनी विचारलं.

"होती," म्हणत काकू दमून त्यांच्याशेजारी बसल्या.