तिसरी डिस्क

कृष्णाकाठच्या एका साखर कारखान्यात मी शेतकी कार्यालयाचा अधीक्षक होतो. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात तेथे ऊसनोंदीसाठी संगणक आला. कोणाच्या उसाची लागण कोणत्या तारखेची, हे त्यात नोंदलेले असे आणि त्या क्रमानेच तोडीची पाळी ठरे. या नोंदी एका पेटीत शेजारी शेजारी बसवलेल्या पाच डिस्कवर विभागून राहत. एक निकामी झाली तरी उरलेल्या चार तिची उणीव भरून काढत. दुसरीही गेली, तर मात्र सारेच जाणार. कागदी नोंदवह्या बंद झाल्या होत्या आणि टेपवरची प्रत दोन वर्षांपूर्वीची होती.

दसऱ्यानंतर यंत्र मंदावले. एका शेतकऱ्याची नोंद समोर येईपर्यंत कारकुनाचा चहा पिऊन होई. पुरवठादार कंपनीला मी पोचपावतीसह तीन पत्रे पाठवली. कायद्याची पदवी मी नोकरी सांभाळून घेतली होती. न्यायालयात तिचा उपयोग कधी झाला नाही, तो सगळा पत्रांत होत असे. तिसऱ्या पत्राच्या चौथ्या परिच्छेदात मी संतापाने लिहिले, ‘बिघाड होताच यंत्राने इशारा देणे करारानुसार बंधनकारक असताना त्याने तो दिलेला नाही. सबब आपण कराराचा भंग केला आहे.’

त्यावर पुण्याहून कंपनीचे अभियंता आले. तोडीची पाळी विचारायला आलेला एक जैन शेतकरी तेव्हा माझ्यासमोरच बसला होता.

अभियंत्यांनी पेटी पाहिली आणि विचारले, “साहेब, हे कुंकू कोणी लावलं?”

“मी. खंडेनवमीला. पूजेचं कुंकू आम्ही पुसत नाही.”

“पण बरोबर दिव्यांवरच?”

प्रत्येक डिस्कच्या तोंडाशी एक इवलासा दिवा होता. ती रांग मला ओल्या कुंकवाचे ठिपके देण्यासाठीच केलेली वाटली होती. त्यांनी ओल्या फडक्याने ते पुसले. चार दिवे हिरवे निघाले. तिसरा नारिंगी.

“आवं सायेब,” शेतकरी म्हणाला, “त्यो बिचारा कवाधरनं हाका मारतोय, आन् तुमी त्याच्या तोंडाला कुंकू फासून पत्रं लिवताय व्हय?”

सारे कार्यालय हसले. मी हसलो नाही.

अभियंत्यांनी तिसरी डिस्क काढून पुन्हा नीट बसवली. कधी कधी नुसता सांधा सैल असतो, असे ते म्हणाले. दिवा पुन्हा नारिंगी झाला. मग त्यांनी स्क्रूड्रायव्हरचे टोक डिस्कला आणि मूठ कानाला लावली. आत काहीतरी घासत होते. त्यांनी नवी डिस्क बसवली.

“आता चारींवरून हिच्यावर माहिती तयार होईल. चार-पाच तास लागतील. तेवढ्यात दुसरी जायला नको.”

“आन् गेली तर?” शेतकऱ्याने मला विचारले.

“गावोगाव जाऊन नोंदी नव्याने कराव्या लागतील.”

त्याचे हसू मावळले. “नव्यानं म्हंजे ज्याची वट त्याची तारीख आदी. माज्या मागं कोन हाय सायेब? उसाला तुरं याय लागल्यात, वजन घटाय लागलंय.”

तो उठून गेला नाही. डबाही त्याने तेथेच, पेटीकडे तोंड करून खाल्ला.

मी चौथे पत्र लिहायला घेतले. इशारा मिळत होता, तो माझ्याच हाताने झाकला गेला, म्हणून चौथा परिच्छेद मागे घेत आहे, असे त्यात नमूद केले. अभियंत्यांनी ते वाचले. “याची गरज नाही साहेब. मी ‘डिस्क बदलली’ एवढंच लिहीन.”

“अर्धे सत्य लेखी देणे मला मान्य नाही. तुम्ही उशिरा आलात, हे पहिले तीन परिच्छेद मात्र कायम आहेत.”

चारच्या सुमारास तिसरा दिवा स्थिर हिरवा झाला. मी त्या शेतकऱ्याच्या गावाची यादी छापून घेतली. ओळींवरून बोट फिरवत त्याने आपले नाव गाठले. लागणीची तारीख बरोबर होती, पाळी नववी होती.

“आमच्या सरपंचाची कितवी?”

“चौदावी.”

त्याने कागद माझ्यापुढे सरकवला. “हितं सही-शिक्का करा. मशिनीचा भरवसा न्हाई. तुमचाबी.”

मी तारीख घालून सही केली आणि शिक्का उमटवला.