ताईनं वाचलेला शेवट

आमच्या कॉलेजच्या लायब्ररीत वाचून दाखवणारं मशीन आलं, तेव्हा मी एम.ए.ला होते. पुस्तक काचेवर पालथं ठेवायचं, बटण दाबायचं, की हेडफोनमध्ये एक बाई मराठी वाचायला लागते. ग्रंथपाल मॅडमनी मला मुद्दाम बोलावून घेतलं. "आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन," मी म्हटलं. त्या घाईघाईनं विषय बदलून बटणं दाखवायला लागल्या. अहो, मी जन्मापासून आंधळी, ती म्हण वापरायचा पहिला हक्क माझाच! पण लोकांनाच कानकोंडं होतं.

खरं सांगायचं तर मला मशीनची गरजच वाटत नव्हती. माझं सगळं वाचन ताईचं. शाळेची पुस्तकं, पेपर, लग्नपत्रिका, बिस्किटाच्या पुड्यावरचं बारीक अक्षरसुद्धा. सिन्नरच्या कारखान्यातून ती एसटीनं दमून यायची, चहा टाकायची आणि वाचायला बसायची.

त्याच आठवड्यात वर्गात माझं सरांशी वाजलं. अभ्यासाला दोन बहिणींची कथा होती, धाकटी आंधळी. शेवटी थोरली तिला घेऊन नव्या घरी राहायला जाते, असं मी ठणकावून सांगितलं. सर म्हणाले, "असा शेवट नाहीये हो." मी काय ऐकणार! माझी ताई चुकीचं वाचणं शक्यच नाही, असं सगळ्या वर्गासमोर बजावलं आणि पुस्तक घेऊन तरातरा लायब्ररीत गेले.

मॅडमनी शेवटचं पान लावून दिलं. मशीनमधली बाई भाजीचे भाव सांगावेत तशी वाचत गेली. थोरली धाकटीला एसटी स्टँडवर बाकावर बसवते, आलेच म्हणते, आणि समोरच्या गाडीत बसून निघून जाते. कथा संपली.

मी पुन्हा बटण दाबलं. पुन्हा तेच! कथेचं काही नाही, कथेत माणसं मरतातसुद्धा. पण ताईनं मला खोटं वाचून दाखवलं? मग आजवर तिच्या तोंडून ऐकलेल्या कुठल्या पानावर विश्वास ठेवायचा मी?

घरी आले तेव्हा ताई कांदा चिरत होती. मी चप्पलही न काढता विचारलं, "त्या कथेचा शेवट बदललास ना?"

विळीचा आवाज थांबला. "तुला वाईट वाटलं असतं गं."

"मला? लोक तोंडावर काय काय बोलतात ते पचवलंय मी. उगाच थापा मारू नकोस, खरं बोल."

तिनं विळी बाजूला सरकवली. मग म्हणाली, "मला वाचवेना. तू लहान होतीस तेव्हाची गोष्ट. सिन्नरच्या स्टँडवर मीही तुला एकदा असंच बसवलं होतं. नाशिकच्या गाडीत चढले. तिकीटही काढलं. गाडी गेटाबाहेर पडली तेव्हा कंडक्टरच्या हातापाया पडून थांबवली आणि पळत आले."

इतका राग मला तिचा कधीच आला नव्हता, आणि तिचा कांद्यानं माखलेला हात मी घट्ट धरून ठेवला होता, तो काही सोडवत नव्हता.

मला तो दिवस अजिबात आठवत नाही. माझ्या लेखी त्या दिवशी ताईला यायला जरा उशीर झाला असणार, एवढंच.